साईश, दहावी ब

चरावण्यात रेंज मिळते ती एकाच जागी:
बाबल्याच्या भट्टीवरच्या सड्यावर,
फुटक्या टाकीच्या पूर्वेला चार पावलं.
पाचवं टाकलं की माणसं गोठतात,
कुणाचं तोंड उघडं, कुणाचा हात कपाळाशी.

फोन मुलाचा. शाळेसाठी घेतलेला.
म्हणून तिथे माझं नाव उमटतं: साईश, दहावी ब.
पहिल्या रात्री कुणीतरी विचारलं,
बाळ, वय काय तुझं?
मी म्हटलं, बेचाळीस.
कॅमेरा बंद होता, तरी ऐकू गेलं असावं
की मी हसले. किंवा रडले.
त्या दिवसांत दोन्हींचा आवाज एकच होता.

पुरुष प्यायला की गाव म्हणतं, पितो.
बाई प्यायली की गाव काहीच म्हणत नाही.
फक्त हळदीकुंकू आमच्या दाराशी येईपर्यंत संपतं.

मी बोंडं वेचायचे, टोकाला खिळा लावलेल्या काठीने.
संध्याकाळी मजुरीबरोबर पेलाभर हुर्राक,
अंग दुखतं ना, म्हणून.
अंग मे महिन्यात दुखायचं थांबलं.
पेला गणपतीतही चालू होता.

आता रोज नऊला त्याच भट्टीवरून जाते.
दुसरी वाट नाही; एका बाजूला ओढा,
एका बाजूला जंगल खात्याची तार.
भाण उकळत असतं.
वास आधी केसांत शिरतो,
मग तोंडात पाणी होऊन येतो.
बाबलो विचारतो, खंय वता गे?
मीटिंग आसा, म्हणते.
तो समजतो, बचतगटाची.
खोटं नाही तसं.

वर मिरजेची एक नर्स भेटते, रात्रपाळीला निघता निघता.
कुवेतहून फ्रान्सिस, त्याच्या मागे कुकरची शिट्टी.
वेंगुर्ल्याचे एकजण, ज्यांना मास्तर म्हटलेलं
अजून सहन होत नाही.
माझी बाटली तांदळाच्या डब्यात असायची
हे त्यांना ठाऊक आहे.
माझ्या आईला नाही.

एप्रिलात एका रात्री वीज गेली, टॉवर मेला.
चार पावलं, सहा, दहा,
पडद्यावर गोल नुसतं फिरत राहिलं.
खालून बाबलो चढून आला, एका हातात बॅटरी,
दुसऱ्यात पेला.
वाईट माणूस नाही तो. म्हणाला,
चंद्रावती, जरा चाखून सांग गे, जमली का.
तुझ्यासारखी जीभ गावात नाही.

खरं होतं ते.
आयुष्यात तेवढीच एक गोष्ट
गावाने माझी म्हणून मानली होती.

मी मुका फोन तोंडाशी धरला.
रोज म्हणते, मी साईशची आई.
त्या रात्री निघालं ते असं:
मी चंद्रावती. आज दोनशे सहा दिवस.
पलीकडे कुणी नव्हतं. अलीकडे बाबलो होता.
त्याने माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं,
मग बराच वेळ रातकिडे.
शेवटी म्हणाला, बरं. डोळ्यांनी सांग तर.

पेला हलवून त्याने उजेडात धरला.
मी हात पाठीमागे बांधून वाकले.
बुडबुडे मोठे होते, लगेच फुटत होते.
कच्ची आहे, म्हटलं. उद्या परत चढव.

तो उतरून गेला. पाय त्यानंतर थरथरले.
जांभ्याच्या खडबडीत धोंड्यावर बसले
दहा वाजेपर्यंत,
मीटिंग संपायची वेळ ती.

आता जून. भट्टी विझली, भाण पालथं पडलंय.
नाव कसं बदलायचं ते साईशने दोनदा शिकवलं.
तो पास झाला, अकरावीला वाळपईला जातो.
मी अजून दहावीत.
ब तुकडीत.